नाल्यापलीकडचे सफरचंद

मोसंबीच्या बागाइतदाराने सफरचंदाचे वाण निवडावयास निघावे, ही गोष्ट मुळातच विपरीत होती. तथापि भुजंगराव निघाले, आणि त्यास निमित्त झाले ते त्यांचे व्याही अण्णासाहेब.

आमचे गाव तीर्थपुरीच्या अलीकडे आहे. भुजंगराव हे गावातील थोर असामी. काळी जमीन, मोसंबीची जुनी बाग आणि गावातील घर सोडून रस्त्यालगत नव्याने बांधलेला स्लॅबचा बंगला, असे त्यांचे वैभव होते. बंगल्यामागे परसबाग होती. परसबागेच्या तारेच्या कुंपणामागून एक नाला जातो आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर बौद्ध वस्ती आहे. वस्ती पूर्वीपासून गावाबाहेर होती. आता बंगलाही गावाबाहेर आला, त्यामुळे दोहोंचा शेजार घडला. ही गोष्ट भुजंगरावांच्या मनास कधीच रुचली नाही. परंतु रस्त्यालगत दुसरी जागा नव्हती.

सन १९९१ च्या दिवाळीस अण्णासाहेब लेकीला भेटण्यास आले. ते अंकुशनगरकडील मोठे ऊसवाले. ऊस बागाइतदारांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर ते हिमाचलात जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यास उतार नव्हता. जेवणाच्या पंगतीत त्यांनी ताटातील मोसंबीची फोड बाजूस सारली.

"इवाई, मोसंबी आता रसवंतीवाल्याला ठिवा," ते म्हणाले. "तिकडं घराघराच्या दारात सफरचंद हाय. आपल्याकडं कुणी दवाखान्यात पडल्याबिगर ते फळ घरात येत न्हाई. तुमच्या बंगल्यामागं एक झाड पाह्यजे बघा. पर हितं कुठं जगतंय. त्याला थंडी लागती, अन् तुमच्या घरात थंडी पडती ती फक्त पाव्हण्याला पांघरूण द्यायच्या वक्ताला."

पंगत हसली. भुजंगरावही हसले. परंतु हसून सोडून देणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

पौष महिन्यात जालन्यास कृषी प्रदर्शन भरले. भुजंगराव पुंजारामास संगे घेऊन तेथे गेले. पुंजाराम हा त्यांचा सालगडी. नाल्यापलीकडील वस्तीत त्याचे घर होते आणि मिसरूड फुटल्यापासून तो भुजंगरावांच्याच बागेत राबत होता. मोसंबीच्या खुंटावर डोळा, म्हणजे कलमाचा कोंब, कसा भरावा, हे त्यास भुजंगरावांनीच हात धरून शिकविले होते. धनी बोले आणि पुंजाराम करी, असा त्या दोघांचा व्यवहार होता.

प्रदर्शनाच्या एका कोपऱ्यात हिमाचलचा एक विक्रेता ओल्या गोणपाटात रोपे गुंडाळून बसला होता. उष्ण मुलखात जगतील अशी दोन वाणे त्याच्यापाशी होती. एकाचे नाव अ‍ॅना, त्याचे फळ लालसर. दुसऱ्याचे नाव डोरसेट, त्याचे फळ पिवळे. भुजंगरावांनी दोन्ही रोपांच्या मुळ्या निरखल्या, सालीवर नख ओढून पाहिले, कलमाचा सांधा दाबून पाहिला आणि पुष्कळ वेळ विचार केला.

"दोनों ले जाइए, साहब," विक्रेता म्हणाला. "ये उसको पराग देता है, वो इसको. अकेला पेड़ फूल देगा, फल नहीं देगा."

येथे भुजंगरावांची मोसंबीची विद्या आडवी आली. मोसंबीच्या बागेत एकच वाण असते आणि तेच वाण स्वतःच्या बळावर फळते. खुंटाचा म्हणजे जंबेरीचा एक फुटवा जरी नजरचुकीने वाढला, तरी सारे झाड नासते. म्हणून दुसऱ्या जिनसाचा शिरकाव होऊ न देणे हेच बागाइतदाराचे पहिले कर्तव्य, अशी शिकवण त्यांना वडिलांपासून मिळालेली होती. दोन रोपे गळ्यात मारण्याची ही व्यापाऱ्याची हिकमत आहे, असे त्यांनी ठरविले.

"एकच द्या. लाल द्या," ते म्हणाले. "पिवळं लांबून पेरूच दिसंल. मंग सफरचंद लावून फायदा काय?"

विक्रेत्याने अ‍ॅनाचे रोप बांधून दिले. प्रदर्शनाचा तो शेवटचा दिवस होता आणि त्याची आवराआवर चालली होती. त्याने डोरसेटचेही एक रोप वर ठेवले आणि म्हणाला, "ऐसे ही ले जाओ. बाद में याद करोगे."

बसस्थानकावर येताच भुजंगरावांनी ते रोप पुंजारामाच्या अंगावर टाकले. "घे. तुझ्या दारात लाव. शेळ्याला तेवढंच कोवळं."

अशा रीतीने एकाच दिवशी आलेली दोन रोपे नाल्याच्या दोन बाजूंस रुजली.

पुंजारामाच्या घरी ते रोप त्याच्या बायकोने, कांताबाईने लावले. ही कांताबाई भुजंगरावांच्या गोठ्यात शेण काढी आणि मागील दारी भांडी घाशी. सांज झाली म्हणजे उरलेली भाकर आणि वाटीभर कालवण ती पदराखाली झाकून घरी नेई. तिच्या हाताला आयुष्यभर घेण्याचीच सवय होती. देण्याजोगे तिच्यापाशी कधी काही नव्हतेच. आपल्या दारचे एक फळ आपल्या हाताने कोणास तरी द्यावे, एवढीच तिची इच्छा होती. ती इच्छा तिने त्या रोपापाशी ठेवली. भांड्यांचे धुवण तिने त्यास घातले. पहिल्या उन्हाळ्यात शेळीने शेंडा खाल्ला, तेव्हा तिने बाभळीच्या काट्यांचे कुंपण केले आणि पुढे कित्येक दिवस त्या शेळीशी ती नीट बोलली नाही.

वस्तीतील कडूबा हा येता-जाता तिची थट्टा करी. "वहिनी, सफरचंद खायला आधी बिमार पडावं लागतं. कोण पडू राह्यलंय तुमच्या घरात?"

"तुमीच पडा की, भाऊजी," ती म्हणे. "पहिलं फळ तुमच्याच उशाला ठिवते."

इकडे भुजंगरावांच्या परसबागेत अ‍ॅना खतपाण्यावर झपाट्याने वाढली. तिसऱ्या वर्षी, माघात, ते झाड गुलाबी-पांढऱ्या फुलांनी भरून गेले. गाव पाहावयास लोटला. भुजंगरावांनी अण्णासाहेबांस निरोप धाडला. परंतु फुले गळाली आणि मागे एकही फळ राहिले नाही. पुढील वर्षीही तसेच झाले. मग भुजंगरावांनी मोसंबीस देतात तसा त्या झाडास ताण दिला. पाणी तोडले, बुंध्याभोवतीची माती काढून मुळ्या उन्हात उघड्या टाकल्या, पाने झडेपर्यंत वाट पाहिली आणि मग खत देऊन पाणी सोडले. मोसंबी असती तर बहाराने वाकली असती. या झाडाने पुन्हा नुसती पाने काढली.

गावात तातेराव नावाचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना शेती थोडी आणि जीभ फार. ते कुंपणापाशी उभे राहून म्हणाले, "भुजंगराव, फुलवाल्याला लावून टाका हे झाड. लग्नसराईत हारबीर तरी होतील."

१९९५ च्या दिवाळीत, ऐन अमावास्येस, सूर्यग्रहण लागले. न फळणाऱ्या झाडास ग्रहणात मुसळाने मारले असता ते पुढील साली फळते, असा आमच्याकडे जुना समज आहे. भुजंगरावांच्या मातोश्री चतुराबाई यांनी माजघरातून मुसळ काढून दिले. मारण्याचे काम पुंजारामास सांगण्यात आले. भर दिवसा उजेड मळकट झाला असता तो त्या झाडास मारू लागला आणि चतुराबाई ओसरीवरून म्हणत राहिल्या, "आणखी मार. वांझेला लाज न्हाई येत लवकर." साल फुटून पाणी आले तेव्हा भुजंगरावांनी हाताने थांबविले.

ग्रहण सुटल्यावर चतुराबाईंनी सुपात ज्वारी आणली आणि कांताबाईपुढे ठेवली.

"घे कांते. गिराण सुटलं. तुझी सासू दारात येऊन ओरडायची, दे दान सुटे गिराण म्हणून. तू मुकीच हाईस."

"सासूबाई होत्या तवा होत्या, आईसाहेब," कांताबाई म्हणाली. "आता आमी गिराणाचं घेत न्हाई."

"भाकर बराबर घेतीस की."

"भाकर कामाची घेते."

चतुराबाईंनी सूप उचलले आणि ती ज्वारी कोंबड्यांस टाकली. त्या दिवशी सांजेला कांताबाईस भाकरही मिळाली नाही.

त्यानंतरच्या माघात नाल्याच्या दोन्ही काठांवरील झाडे प्रथमच एका वेळी फुलली. शेळीने मागे पाडलेले डोरसेट उशिरा का होईना, वयात आले होते. मोसंबीच्या बागेतल्या मधमाशा दिवसभर नाल्यावरून जात-येत राहिल्या. पुढे फुले गळाली आणि देठांच्या टोकांस हिरवे मणी धरले. भुजंगरावांच्या झाडास धरले, तसेच पुंजारामाच्याही.

भुजंगरावांचा आनंद गगनात मावेना. हे सारे मुसळाचे फळ, असे त्यांनी जाहीर केले. ते मुसळ पाहण्यास तीर्थपुरीहून माणसे आली. एकाने तर आपल्या आंब्यासाठी ते उसने मागितले. चतुराबाईंनी ते हळदकुंकू लावून देवघराशेजारी उभे केले.

ज्येष्ठात फळे पिकली. नाल्यापलीकडची पिवळी फळे आधी पिकली. पौर्णिमेच्या वंदनेस वस्ती जमली, तेव्हा कांताबाईने पहिले फळ तथागतांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवले आणि वंदना झाल्यावर उरलेल्यांच्या फोडी करून स्वतःच्या हाताने सर्वांस दिल्या. कडूबास तिने दोन दिल्या. "बिमार न पडता खाऊ राह्यलो," असे तो म्हणाला आणि सगळे हसले. फोड नखाएवढीच होती. परंतु प्रत्येकाने ती थांबून, चावून खाल्ली. कांताबाई ताट घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडावर असे तेज होते, की जे पुंजारामाने लग्नातदेखील पाहिले नव्हते.

एक फळ तिने राखून ठेवले होते. ते पदराने पुसून दुसऱ्या दिवशी ती बंगल्यावर घेऊन गेली आणि भुजंगरावांच्या पत्नी गिरिजाबाई यांच्यापुढे धरले.

"मालकीणबाई, आमच्या दारचं हाय. लेकरावानी वाढवलंय."

गिरिजाबाईंनी फळाकडे पाहिले, सासूच्या खोलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "ठिव तिथं भिंतीवर. बघते मंग."

कांताबाईने फळ भिंतीवर ठेवले आणि ती गोठ्यात गेली. दुपारी ते तेथेच होते. दुसऱ्या दिवशी ते सुरकुतले. तिसऱ्या दिवशी कोंबड्यांनी ते खाली पाडून टोचून टोचून पोकळ केले. कांताबाईने झाडलोट करताना ते उचलून शेणाच्या पाटीत टाकले. 

पुढच्या शनिवारी भुजंगरावांनी मोठा बेत केला. झाडाचे पहिले फळ देवास देण्याची रीत आहे; त्यानुसार त्यांनी वाजत-गाजत जाऊन लाल सफरचंदे मारुतीस वाहिली. पुजाऱ्याने त्यांचे बारीक तुकडे करून गूळ-खोबऱ्यासह साऱ्या गावास प्रसाद वाटला. त्यानंतर बंगल्यावर पुरणाची पंगत झाली. अण्णासाहेबांस खास बोलावणे होते. ते परसबागेत गेले, झाडावर राहिलेली फळे त्यांनी हाताने तोलून पाहिली आणि परत येऊन पाटावर बसले.

"मानलं, इवाई," ते म्हणाले. "पर एक समजंना. हे एकटं झाड फळलं कसं? तिकडं दर चार-दोन ओळींमागं दुसऱ्या वाणाची ओळ असती. ह्या फुलाचा पराग त्या फुलाला माशीनं नेला, तरच फळ. एका वाणाचं एकटं झाड म्हंजे नुसता देखावा. दुसरं झाड कुठं लावलंत?"

"दुसरं न्हाई," भुजंगराव म्हणाले. "ग्रहणात मुसळानं मारलं."

"मुसळानं पोहे होत्यात, इवाई. फळ होत न्हाई. हितं जवळपास दुसरं झाड असलंच पाह्यजे."

पंगत थोडी थबकली. वाढणारे थांबले. तातेराव भाताचा घास कालवीत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"हाय की दुसरं," ते म्हणाले. "पुंजारामच्या दारात. परवा पौर्णिमेला वस्तीनं खाल्लं. पिवळं हाय." मग त्यांनी घास तोंडात घातला, गिळला आणि म्हणाले, "म्हंजे बाप नाल्यापलीकडं, अन् बारसं मारुतीच्या देवळात."

प्रथम कोणीच हसले नाही. नंतर एकाने हसू दाबले, ते दुसऱ्याच्या नाकातून बाहेर आले आणि क्षणार्धात सारी पंगत हसू लागली. अण्णासाहेब तर ठसका लागेपर्यंत हसले. भुजंगराव तेवढे ताटाकडे पाहत राहिले.

चतुराबाई आतल्या खोलीत बसल्या होत्या. सकाळी प्रसादाचा पहिला तुकडा त्यांनीच खाल्ला होता. त्या उठल्या, भिंतीस धरून मागील दारी गेल्या आणि तोंडात बोटे घालून ओकाऱ्या काढू लागल्या. मग गोठ्यातून गोमूत्र मागवून त्यांनी तोंड धुतले. कांताबाई तेथेच पंगतीची भांडी घाशीत बसली होती. चतुराबाईंच्या चुळीचे पाणी तिच्या पायावर आले. तिने पाय मागे घेतला नाही. हातातील पातेले मात्र ती घासलेलेच पुनःपुन्हा घाशीत राहिली.

"आईसाहेब, पराग म्हंजे धूळ असती," अण्णासाहेब दारातून म्हणाले. "माशीच्या पायाला लागून येती."

"माशी कुठं बसून आली ते इचारलं का कुणी?" चतुराबाई म्हणाल्या आणि पुन्हा चूळ भरली.

माणसाचा अपमान दुसऱ्या माणसाने केला, तर त्याचा उतारा त्याच माणसावर पडावा, हा न्याय होय. परंतु तातेराव हे नात्यातले होते आणि अण्णासाहेब व्याही. उतार कोठे आहे, हे पाण्यास जसे सांगावे लागत नाही, तसे रागासही सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णासाहेबांची जीप गेली. भुजंगरावांनी परसबागेत खुर्ची टाकविली आणि पुंजारामास कुऱ्हाड घेऊन बोलाविले. कांताबाई गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन निघाली होती. तिलाही त्यांनी थांबण्यास सांगितले.

पुंजारामाचा चेहरा उतरला होता. रात्रभर नवरा-बायकोने एकच गोष्ट बोलून काढली होती, ती म्हणजे धनी आपले झाड तोडावयास लावतील. कांताबाईने निश्चय केला होता, की झाडास मिठी मारून बसावयाचे. कडूबानेही, वेळ पडल्यास जालन्यास जाऊन फिर्याद देऊ, असे म्हटले होते.

"घाबरू नको," भुजंगराव शांतपणे म्हणाले. "तुझ्या झाडाला म्या हात लावत न्हाई. कायदा हाय तुमच्या बाजूनं. कशाला लावू? माझं झाड तोडायचंय. हे."

"मालक, फळ हाय झाडावर," पुंजाराम म्हणाला.

"दिसतंय मला. पाड."

पुंजारामाने कुऱ्हाड उचलली; परंतु ती घालण्यापूर्वी तो थांबला. त्याच्या ध्यानात आले होते. भुजंगरावांना ते दिसले आणि त्यांना बरे वाटले.

"समजून राह्यलास ना?" ते म्हणाले. "तुझं झाड राहील. जोमात राहील. दरसाल फुलंल. बाया-माणसं येतील बघायला, हिला इचारतील, कांताबाई, औंदा किती? अन् ही काय सांगंल? माझं तर तोडलं. आसपास दुसरं न्हाई. आता तुझी ती पिवळी वांझ तू सांभाळ. मुसळ लागलं तर सांग. आमच्या देवघरात हाय."

कांताबाई म्हणाली, "मालक, आमचं पाह्यजे तर तोडा. तुमचं फळतं झाड हाय ते."

"तुझं कामून तोडू? तुझं तर मला पाह्यचंय."

पुंजारामाने कुऱ्हाड घातली. ज्या बुंध्यावर त्याने मुसळ घातले होते, त्याच बुंध्यावर तो घाव घालीत होता आणि मान वर करीत नव्हता. झाड कोवळे होते. ते फार वेळ टिकले नाही. आडवे झाले तेव्हा फळे मातीत घरंगळली आणि भुजंगरावांनी ती म्हशीपुढे टाकावयास लाविली.

"आता नीट ऐक," ते म्हणाले. "पऱ्हाट्याचा ढीग हाय तिकडं. त्याच्यावर हे सगळं जाळायचं. फांदी, डहाळी, काडी, सगळं. एक काडी कुंपणाबाहेर गेली न्हाई पाह्यजे. डोळा भरता येतो तुला. म्याच शिकवलाय."

हे मात्र पुंजारामाच्या मनात अद्याप आलेच नव्हते. धन्यानेच ते त्यास दाखविले आणि त्याच वाक्यात काढूनही घेतले.

परंतु कांताबाईच्या मनात ते आले. एका झाडावर दुसऱ्या वाणाचा एकच डोळा भरला, तरी तेवढ्याच फांदीची फुले साऱ्या झाडास पुरतील, हे तिला कोणी सांगितले नव्हते. परंतु मोसंबीच्या बागेत तिचे आयुष्य गेले होते आणि तिला बुद्धी होती. ती डहाळ्या गोळा करून ढिगाकडे नेऊ लागली. खाली वाकली असता, बोटाएवढी एक काडी तिने मोडली आणि उठता उठता पदराच्या टोकाशी गाठ मारून कमरेस खोचली. तिच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. भुजंगरावांची नजर ढिगावर होती.

पुंजारामाने ते पाहिले.

पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काटक्या, वाळलेल्या होत्या. त्या एकदम भडकल्या. ओल्या फांद्यांचा धूर झाला, पाने करपली, साल तडकून आवाज येऊ लागले. कांताबाई झाडूने शेवटची पाने आगीत लोटीत होती. सगळे जळून खाली बसले, तसे भुजंगराव खुर्चीतून उठले. त्यांनी जागेवर नजर फिरविली, समाधानाने मान हलविली आणि ते घराकडे वळले. त्यांनी काहीही विचारले नाही. ते दाराशी पोहोचले होते.

"मालक," पुंजाराम म्हणाला.

ते वळले.

"हिच्या पदराला एक काडी हाय."

कांताबाईच्या हातातील झाडू तसाच राहिला. भुजंगरावांनी पुंजारामाकडे पाहिले. एवढी अपेक्षा त्यांनीही केली नसावी. मग ते पायऱ्या उतरून खाली आले, कांताबाईपासून चार हातांवर उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "टाक, बाई."

तिने कमरेची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडावी लागली. काडी तिच्या तळहातावर होती. तिला दोन डोळे होते, फुगलेले, तांबूस. तिने ती निखाऱ्यावर टाकली. काडी ओली असल्यामुळे लागलीच पेटली नाही. टोकास फेस आला आणि मग ती काळी पडली. तोवर सर्व जण उभे राहिले.

"शाबास, पुंजाराम," भुजंगराव म्हणाले आणि आत हाक मारून सांगितले, "ह्याला च्या द्या. दुधाचा."

गिरिजाबाईंनी चहा आणून दिला. पुंजारामाने तो उभ्यानेच प्यायला. कांताबाईने शेणाची पाटी उचलली, उकिरड्यावर रिकामी केली, पाटी धुऊन पालथी घातली आणि ती नाल्यातून घरी गेली.

सांजेला पुंजाराम घरी आला. कांताबाई चुलीपुढे होती. तिने त्यास भाकर वाढली, कालवण वाढले, पाण्याचा तांब्या ठेवला. त्याने घास घेतला, तेव्हा ती बोलली.

"त्यायनं इचारलं न्हवतं."

पुंजाराम खाली पाहत होता.

"ते गेल्ते. दारात गेल्ते. म्या बघत होते. तुमाला कुणी इचारलं न्हवतं."

"इचारलं असतं," पुंजाराम म्हणाला.

कांताबाईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर पुंजारामास बरे वाटले असते. मग तिने चुलीतील लाकूड मागे ओढले, राख सारखी केली आणि विचारले, "आणखी वाढू का?"

पुढच्या पौषात जालन्यास पुन्हा प्रदर्शन भरले. जाऊन त्या लाल वाणाचे एक रोप पाहू या, असे कांताबाई एकदा म्हणाली. "मालकाला कळलं तर?" असे पुंजारामाने विचारले. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि झाडास पाणी घालणेही सोडले. पाणी पुंजाराम घालतो. काट्यांचे कुंपणही तोच नवे करतो.

माघात ते झाड असे फुलते, की नाल्याच्या अलीकडून, बंगल्याच्या गच्चीवरूनही ते दिसावे. गच्चीवर त्या दिवसांत भुजंगरावांची खुर्ची असते. रस्त्याने जाणारा एखादा परगावचा माणूस वस्तीत शिरतो, झाडाखाली उभा राहतो आणि दारात बसलेल्या कांताबाईस विचारतो, की बाई, एवढे सुंदर हे झाड कशाचे, आणि कोणाचे.

ती घरात बसलेल्या पुंजारामाकडे बोट दाखविते.

"त्यांचं हाय," ती म्हणते. "त्यायलाच इचारा."